जुन्या गेमिंग लॅपटॉपला नावं ठेवण्याआधी

इंजिनीअरिंगच्या प्रवेशफेऱ्या सुरू झाल्या की मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपासून तालुक्याच्या गावातल्या कॉम्प्युटरच्या दुकानापर्यंत एकच सल्ला ऐकू येतो. ‘दोन-तीन वर्षांपूर्वीचं मॉडेल आहे, स्वस्तात मिळतंय म्हणून घेऊ नका. टेक्नॉलॉजी रोज बदलते. चार पैसे जास्त गेले तरी चालतील, पण घ्यायचं तर लेटेस्टच घ्या.’ हे सांगणारा कधी आयटीतला मामेभाऊ असतो, कधी वडिलांचा मित्र, कधी खुद्द दुकानदार. बहुतेक जण मनापासून, भल्यासाठीच सांगतात. तरीही हा सल्ला चुकीचा आहे. तो जसाच्या तसा मानणारं घर जास्त पैसे मोजून कमी ताकदीचं मशीन उचलून आणतं आणि वर आपण शहाणपणा केला असं समजतं.

या सल्ल्यामागचं म्हणणं आधी नीट ऐकून घ्यायला हवं. नव्या पिढीचं तंत्र सुधारलेलं असतं, ते कमी विजेत जास्त काम करतं. जुन्या कार्डांना कंपनीकडून मिळणारे ड्रायव्हर लवकर बंद होतील. नवे गेम जुन्या मशीनवर चालणारच नाहीत. मोबाइलच्या बाबतीत असं बोलणं बऱ्याच अंशी खरं ठरतं आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो. मोबाइल घेताना लागलेली सवय माणूस लॅपटॉपच्या दुकानातही घेऊन जातो. गेमिंग लॅपटॉपच्या बाजारात मात्र ‘नवी पिढी’ आणि ‘जास्त ताकद’ या दोन गोष्टी हातात हात घालून चालतातच असं नाही.

ग्राफिक्स कार्डाच्या स्वतःच्या मेमरीचंच घ्या. गेममधल्या भिंती, चेहरे, झाडं यांची चित्रं आणि प्रकाश-सावलीचा हिशेब या मेमरीत मावावा लागतो. मावला नाही की खेळ अडखळतो, भिंतींवरची चित्रं धूसर होतात. एनव्हिडियाच्या लॅपटॉपमधल्या ‘सत्तर’च्या मालिकेत २०१६ साली जीटीएक्स १०७० आली, तिच्यावर ८ जीबी मेमरी होती. २०१९ च्या आरटीएक्स २०७० वर ८ जीबी. २०२१ च्या ३०७० वर ८. २०२३ च्या ४०७० वर ८. आणि २०२५ मध्ये ५०७० बाजारात उतरली तीसुद्धा ८ जीबी घेऊनच. नऊ वर्षं, पाच पिढ्या आणि आकडा जागचा हललेला नाही. ‘साठ’च्या मालिकेची गोष्ट फार वेगळी नाही: २०६० आणि ३०६० या दोन्ही ६ जीबीवर निभावल्या, ४०६० ला ८ मिळाले आणि ५०६० तिथेच थांबली. मेमरीचा वेग वाढत गेला हे कबूल. जागा मात्र फारशी वाढली नाही.

आता दोन मशीन शेजारी ठेवू. एकात २०२३ ची आरटीएक्स ४०५०, दुसऱ्यात २०२१ ची आरटीएक्स ३०७०. ‘लेटेस्ट घ्या’ म्हणणारा डोळे झाकून पहिल्यावर बोट ठेवतो. ४०५० मध्ये २,५६० कोअर आहेत, ६ जीबी मेमरी आहे आणि तिच्यापर्यंतचा रस्ता ९६ बिटांचा आहे. ३०७० मध्ये कोअर ५,१२०, मेमरी ८ जीबी, रस्ता २५६ बिटांचा. नव्या चिपचा प्रत्येक कोअर जास्त वेगानं पळतो, तिची आतली कॅशही मोठी आहे, म्हणून हे आकडे दुप्पट वेगाच्या रूपानं पडद्यावर दिसत नाहीत. पण दोघींना पुरेशी वीज मिळत असेल तर ३०७० पुढे राहते, आणि गेमला ६ जीबीपेक्षा जास्त मेमरी लागली की हे अंतर आणखी वाढतं. अशी ३०७० असलेलं, गोदामात पडून राहिलेलं सीलबंद मशीन ४०५० च्या भावात मिळत असेल तर त्याला ‘जुनं’ म्हणून नाकारणं हा निव्वळ तोटा आहे.

‘पुरेशी वीज मिळत असेल तर’ ही अट महत्त्वाची आहे, आणि ‘लेटेस्ट’वाल्यांच्या सल्ल्यात नेमका याच गोष्टीचा उल्लेख नसतो. लॅपटॉपमधल्या एकाच नावाच्या कार्डाला किती वॉट द्यायचे हे लॅपटॉप बनवणारी कंपनी ठरवते. आरटीएक्स ३०६० साठी एनव्हिडियानं दिलेली मुभा होती ६० ते ११५ वॉट. म्हणजे दोन दुकानांत दोन लॅपटॉप, दोन्हींवर ‘३०६०’चा तोच हिरवा स्टिकर, आणि एकाला दुसऱ्याच्या जवळपास दुप्पट वीज. पुढच्या पिढीत ही दरी आणखी रुंदावली. ४०५०, ४०६० आणि ४०७० या तिन्ही कार्डांची मर्यादा ३५ वॉटपासून ११५ वॉटपर्यंत कुठेही ठेवता येते. पातळ, देखण्या बॉडीत ५०-६० वॉटवर बसवलेली नवी ४०६० आणि जाड बॉडीत १२५ वॉटवर चालणारी जुनी ३०७० यांची तुलना निव्वळ नावाच्या आकड्यावरून करता येत नाही. इथे एक बारकावा आहे. ४०५० आणि ४०६० ला साधारण १०० वॉटच्या पुढे वीज दिली तरी फारसा फायदा होत नाही, त्यामुळे त्यांच्या बाबतीत ११५ ऐवजी १०० दिसले तर घाबरायचं कारण नाही. आधीच्या पिढीतल्या ३०७० किंवा ३०८० ला मात्र प्रत्येक जादा वॉट उपयोगी पडतो.

हा आकडा शोधणं अवघड नाही. दुकानात डेमोचं मशीन सुरू असेल तर डेस्कटॉपवर राइट क्लिक करून एनव्हिडिया कंट्रोल पॅनेल उघडावं. खाली डाव्या कोपऱ्यात ‘सिस्टिम इन्फर्मेशन’ लिहिलेलं असतं, तिथे क्लिक केलं की लहान खिडकी उघडते. डावीकडे कार्डाचं नाव, उजवीकडे ओळींमागून ओळी. थोडं खाली सरकवलं की ‘मॅक्झिमम ग्राफिक्स पॉवर’ ही ओळ येते आणि तिच्यापुढे वॉटचा आकडा स्वच्छ लिहिलेला असतो. अर्ध्या मिनिटाचं काम. पण या ओळीकडे बोट दाखवून भाव सांगणारा विक्रेता विरळा, आणि ती पाहायला शिकवणारा सल्लागार त्याहून विरळा.

प्रोसेसरच्या नावातही ‘नवं’ किती फसवं असू शकतं ते पाहा. इंटेलचा कोअर आय५-१२४५०एच २०२२ चा. त्यात ४ मोठे आणि ४ छोटे असे ८ कोअर, १२ थ्रेड. पुढच्या पिढीचा आय५-१३४२०एच आला, त्यातही ४ अधिक ४ आणि १२ थ्रेड. मग कंपनीनं नावांची सगळी पद्धत बदलली आणि ‘कोअर ५ २१०एच’ आला. मांडणी पुन्हा तीच, ४ अधिक ४. वेग थोडा वाढला, पण ग्राहकाला वाटतो तसा हा तीन पिढ्यांचा प्रवास नाही. एएमडीनं २०२३ मध्ये रायझन ५ ७५३५एचएस या नावानं जो प्रोसेसर विकला त्याची घडण आदल्या वर्षीच्या ६००० मालिकेची होती. खुद्द कंपनीच्या तेव्हाच्या पद्धतीनुसार नावातला तिसरा आकडा मूळ रचना सांगत होता, आणि तो इथे ३ आहे. खोक्यावर ‘७०००’ वाचून नवं घेतल्याचं समाधान मानणारा माणूस प्रत्यक्षात आदल्या वर्षीचीच चिप घरी नेत होता. अशा बाजारात ‘जुनं नको’ हा नियम पाळायचा तरी कसा?

यावर ‘लेटेस्ट’वाल्यांचं हुकमी पान बाहेर येतं: फ्रेम जनरेशन. कार्ड स्वतः काढतं त्या दोन चित्रांच्या मधलं चित्र कृत्रिम बुद्धिमत्तेनं तयार करून भरायचं, म्हणजे पडद्यावरचा आकडा वाढतो. एनव्हिडियाचं हे तंत्र ४००० मालिकेपासून पुढे मिळतं, एका चित्रामागे अनेक चित्रं भरणारी त्याची पुढची आवृत्ती फक्त ५००० मालिकेत. हे खरं आहे आणि जुन्या कार्डांना ते मिळणार नाही. पण मुळात कार्ड सेकंदाला २५-३० चित्रं काढताना धापा टाकत असेल तर मध्ये भरलेल्या चित्रांमुळे खेळ हाताला हलका लागत नाही, कारण बटण दाबल्यापासून पडद्यावर परिणाम दिसेपर्यंतचा वेळ कमी होत नाही. एएमडीनं आपल्या अशाच तंत्राबद्दल आधी सेकंदाला ६० चित्रं तरी हवीत अशी शिफारस केली आहे. शिवाय हे तंत्र स्वतः मेमरी खातं. ६ जीबीच्या कार्डावर तीच तर कमी असते. दुसरीकडे, कमी रेझोल्युशनवर चित्र काढून ते मोठं आणि स्वच्छ करणारी डीएलएसएसची सुधारित आवृत्ती जानेवारी २०२५ मध्ये आली, ती मात्र २००० मालिकेपासूनच्या सगळ्या आरटीएक्स कार्डांना मिळाली. जुन्या ३०७० च्या मालकाला एक पैसा न देता ती वापरता येते. रोजच्या खेळात याच सुधारणेचा उपयोग जास्त होतो.

ड्रायव्हर बंद होतील, ही भीती तारखांपुढे टिकत नाही. पास्कल घराण्यातली १००० मालिका २०१६ ची. तिच्यासाठी नव्या गेमसोबत येणारे ड्रायव्हर एनव्हिडियानं ऑक्टोबर २०२५ पर्यंत दिले आणि सुरक्षेची दुरुस्ती ऑक्टोबर २०२८ पर्यंत देण्याचं जाहीर केलं. म्हणजे नऊ वर्षं पूर्ण आधार आणि वर तीन वर्षं सुरक्षा. लॅपटॉपमधली ३००० मालिका २०२१ ची आहे. तिच्याहून जुन्या २००० मालिकेलाही पास्कलसोबत वगळलं गेलं नाही. गेमचं गणित आणखी सोपं आहे. प्लेस्टेशन ५ नोव्हेंबर २०२० मध्ये आला आणि आजही मोठ्या कंपन्या आपले गेम त्याच्यावर चालतील असेच बनवतात. तो गेमिंगचा मुख्य बाजार असेतोवर २०२१ च्या ताकदवान लॅपटॉपला वाऱ्यावर सोडणं कुणालाच परवडणार नाही. आणि आपल्याकडची मुलं रात्र रात्र खेळतात ते ‘व्हॅलोरंट’ आणि ‘काउंटर-स्ट्राइक २’. त्यांना तर याहून कितीतरी साधं मशीन पुरतं.

पण म्हणून सवलतीतलं कोणतंही जुनं मशीन उचलावं असं अजिबात नाही, आणि इथे समोरच्या बाजूचं निम्मं म्हणणं मान्य करायला हवं. ४ जीबी मेमरीची जीटीएक्स १६५० किंवा आरटीएक्स ३०५० आज कितीही स्वस्त मिळाली तरी नव्या मोठ्या गेमसाठी घेऊ नये. डिसेंबर २०२४ चा ‘इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल’ आणि मे २०२५ चा ‘डूम: द डार्क एजेस’ या दोन्हींना कार्डातच रे ट्रेसिंगची सोय लागते आणि दोन्हींची किमान अट आरटीएक्स २०६० सुपर, ८ जीबी अशी आहे. जीटीएक्सची सगळी कार्डं इथे बाद होतात. सातव्या पिढीचा इंटेल प्रोसेसर आणि जीटीएक्स १०६० असलेला सेकंडहँड लॅपटॉप तर स्पष्ट नाकारावा. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ च्या अधिकृत यादीत, मोजके अपवाद सोडता, आठव्या पिढीपासूनचेच इंटेल प्रोसेसर आहेत. आरटीएक्स ५०५० लाही न्याय द्यायला हवा. या छोट्या नव्या कार्डावर ८ जीबी मेमरी आहे, आणि जुन्या ६ जीबीच्या ३०६० पेक्षा ती थोड्याच पैशांनी महाग असेल तर तीच घ्यावी. मुद्दा जुन्याची बाजू घेण्याचा नाही. वस्तू मोजायची कशानं, हा आहे.

तीच चूक उलट्या बाजूनं सवलतीला भुलणारे करतात. ‘४५ टक्के सूट’ हा आकडा छापील किमतीवरून काढलेला असतो आणि त्या किमतीला ते मशीन बाजारात क्वचितच विकलं गेलेलं असतं. तुलना करायची ती त्याच मशीनच्या गेल्या काही महिन्यांतल्या खऱ्या विक्रीच्या भावाशी, आणि त्याच पैशांत आज मिळणाऱ्या नव्या मशीनशी. ‘फक्त २ शिल्लक’ असा लाल अक्षरांतला इशारा दिसला तर एवढं आठवावं की खोटी घाई निर्माण करणं हे ३० नोव्हेंबर २०२३ च्या केंद्र सरकारच्या मार्गदर्शक तत्त्वांत फसव्या क्लृप्त्यांच्या यादीत अगदी पहिलं आहे. दिवाळीच्या सेलमध्ये रात्री बाराला बटण दाबण्यापेक्षा दोन दिवस थांबून मशीनचा पूर्ण मॉडेल क्रमांक शोधणं केव्हाही चांगलं, कारण एकाच नावाखाली कंपन्या चार वेगवेगळे स्क्रीन विकतात.

स्क्रीनच्या बाबतीत तर जुन्या महागड्या मशीनची बाजू फारच भक्कम आहे. २०२१ च्या लेनोव्हो लिजन ५ प्रोला १६ इंची, २५६० बाय १६०० चा, १६५ हर्ट्झचा, ५०० निट्स उजेडाचा आणि पूर्ण एसआरजीबी रंग दाखवणारा स्क्रीन होता. आजही कमी किमतीच्या कित्येक ‘नव्या’ गेमिंग लॅपटॉपांत २५०-३०० निट्सचा, ४५ टक्के एनटीएससी रंगांचा फिकट स्क्रीन बसवलेला असतो. आर्किटेक्चरच्या किंवा व्हिडिओ एडिटिंगच्या विद्यार्थ्यानं अशा स्क्रीनवर केलेलं काम छापून आल्यावर रंग वेगळेच निघतात. कार्डाची पिढी विचारणारा माणूस हा प्रश्न विचारतच नाही, आणि पुढची चार वर्षं डोळ्यांसमोर असतो तो स्क्रीनच.

बॅटरीबद्दल सावध राहायलाच हवं. लिथियमची बॅटरी वापरली नाही तरी वयानं उतरते, मग मशीन सीलबंद का असेना. मशीन हातात आल्याबरोबर कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘पॉवरसीएफजी /बॅटरीरिपोर्ट’ ही आज्ञा इंग्रजीत टाकावी. जी फाइल तयार होते तिच्यात मूळ क्षमता आणि आज पूर्ण भरल्यावरची क्षमता एकाखाली एक दिसतात. पहिलं ८०,००० मिलीवॉट-तास आणि दुसरं ६०,००० असेल तर सीलबंद म्हणून विकलेल्या मशीनवरही हक्कानं आक्षेप घ्यावा, बदलण्याची मुदत संपण्याआधी. वॉरंटीचंही तसंच. अनुक्रमांक कंपनीच्या वेबसाइटवर टाकून तारीख पाहावी. काही वेळा तिथे वॉरंटी गोदामातून माल निघाल्या दिवसापासून सुरू झालेली दिसते. बिल दाखवून ती खरेदीच्या तारखेपासून दुरुस्त करून मागता येते. ती होत नसेल तर तेवढे महिने किमतीतून वजा झाले पाहिजेत. सेवा केंद्र आपल्या जिल्ह्यात आहे का, हा प्रश्न नव्या-जुन्या दोघांनाही सारखाच लागू.

वजन हा या जुन्या ताकदवान मशीनचा खरा तोटा आहे. अडीच किलोच्या आसपासचा लॅपटॉप आणि २३० वॉटच्या घरातला विटेएवढा चार्जर रोज लोकलमधून किंवा एसटीतून नेणाऱ्या मुलीला हा सौदा महागात पडेल. तिनं हलकं, बॅटरीवर दिवस काढणारं नवं मशीन घ्यावं, कारण त्या बाबतीत नवे प्रोसेसर खरोखरच पुढे आहेत. होस्टेलच्या टेबलावरून जे मशीन क्वचितच हलणार आहे, त्याच्या बाबतीत ही अडचण उरत नाही. आणि नागपूर-चंद्रपूरला मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे जातो तेव्हा हीच जाड बॉडी, मोठे पंखे आणि रुंद जाळ्या कामाला येतात. पातळ नवं मशीन अशा खोलीत तापून स्वतःचा वेग कमी करतं, मग कागदावरची पिढी कितीही नवी असो.

थांबा, पुढच्या वर्षी आणखी स्वस्त होईल, असंही सांगितलं जातं. २०२५ च्या अखेरीपासून रॅमनं हे गणित पार बिघडवलं आहे. एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी चिप उचलायला सुरुवात केली, भाव भडकले, आणि डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉननं घरगुती ग्राहकांसाठीचा आपला ‘क्रूशियल’ हा ब्रँड बंद करत असल्याचं जाहीर केलं. ‘आत्ता ८ जीबीचं घ्या, पुढे रॅम टाकू’ हा वर्षानुवर्षांचा सल्लाही त्यामुळे महाग पडतो. ज्या जुन्या मशीनमध्ये १६ जीबी दोन पट्ट्यांत आधीच बसवलेली आहे त्याची किंमत यामुळे वाढते; एकाच पट्टीवर ८ जीबी देणारं नवं मशीन तर गेममध्येही मागे पडतं, कारण दोन पट्ट्या असल्या की प्रोसेसरला मेमरीचे दोन्ही मार्ग मिळतात.

शेवटचा आक्षेप असा की, सामान्य पालकानं एवढं सगळं तपासायचं कसं? त्यापेक्षा नवं घ्यावं आणि निर्धास्त राहावं. पण ३५ वॉटची ४०५०, एका पट्टीची ८ जीबी रॅम आणि फिकट स्क्रीन हे तिन्ही दोष कोऱ्या करकरीत मशीनमध्येही असू शकतात आणि पिढीच्या आकड्यात यातलं काहीच दिसत नाही. तपासणी दोघांचीही करावीच लागते. ७० हजार किंवा लाख रुपये हे अनेक घरांत वर्षभराच्या बचतीचे पैसे असतात. एवढी रक्कम घेणाऱ्या कंपनीनं ग्राफिक्स कार्डाचे वॉट, स्क्रीनचे निट्स आणि रंग, आणि रॅम किती पट्ट्यांत आहे हे खोक्यावर ठळक अक्षरांत छापायलाच हवं. आज ही माहिती मिळालीच तर वेबसाइटच्या कोपऱ्यातल्या एखाद्या पीडीएफमध्ये मिळते. खोक्यावर ती नसेल तर पालकांनी विक्रेत्याकडून बिलावर लिहून मागावी, आणि जो लिहून देणार नाही त्याच्या दुकानातून नवं मशीनही घेऊ नये.